फाइल उघडते, मराठी दिसत नाही

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातल्या डीटीपीच्या दुकानांत वार्षिक अहवालांची गर्दी होते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आणि या जिल्ह्यात दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखाने यांना तोटा नाही. प्रत्येकीचा अहवाल मराठीत. बराचसा मजकूर मागच्या वर्षीचाच, आकडे आणि काही नावं तेवढी बदललेली. म्हणून सचिव मागची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतात. नव्या कम्प्युटरवर ती उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, मध्येच कंस, डॉलरच्या खुणा, स्वल्पविराम. कधी नुसते चौकोन. मग ठरलेलं निदान होतं: फाइल करप्ट झाली. नाहीतर, व्हायरस लागला.

फाइल धडधाकट असते. तिच्यातलं एक अक्षरही हललेलं नसतं. आत काय चाललंय ते एकदा समजून घेतलं, तर मराठी आणि कम्प्युटर यांच्याबद्दलचे निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी कॅपिटल ‘ए’साठी ६५ हा आकडा, हे जगभर ठरलेलं आहे. नव्वदच्या दशकात मराठी छपाईसाठी जे फाँट आले, त्यांनी एक युक्ती केली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवला आणि त्यावर चित्र मराठी अक्षराचं लावलं. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. फाँट हजर आहे तोवर ‘ई’च्या जागी म दिसतो, ‘जे’च्या जागी र, ‘के’च्या जागी काना. तो फाँट नसलेल्या कम्प्युटरवर फाइल गेली की त्याच्याकडे दाखवायला उरतात ती पाच इंग्रजी अक्षरंच. त्याच्या लेखी ते पहिल्यापासून इंग्रजीच होतं.

त्यात आणखी गुंता असा की प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, सीडॅकचा सुरेख, कृतिदेव; एकात ज्या आकड्यावर म बसवला, त्यावर दुसऱ्याने भलतंच अक्षर बसवलं. त्यामुळे ‘कुठला तरी मराठी फाँट टाका’ या सल्ल्याने काम होत नाही. मजकूर ज्या फाँटमध्ये घातला, त्याच मांडणीचा फाँट लागतो.

ज्यांनी ही युक्ती काढली त्यांना नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही. त्या काळच्या कम्प्युटरला मराठी येत नव्हतं, आणि छापखाना थांबून चालत नव्हता. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातून काम डीटीपी ऑपरेटरच्या हाती आलं ते या फाँटमुळेच. खिळ्यांच्या जमान्यात शिशाचा तुकडा हेच अक्षर होतं. खिळा नसेल तर अक्षर नाही. ‘फाँट नाही म्हणजे मजकूर नाही’ ही समजूत तिथूनच चालत आली असावी, आणि जुन्या फाँटच्या बाबतीत ती खरीही होती. पण कम्प्युटरच्या जगात मजकूर आणि त्याचं रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवण्याची सोय होऊन आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्या सोयीचं नाव युनिकोड. आणि सगळ्यात पसरलेला गैरसमज याच नावाभोवती आहे.

‘युनिकोड फाँटमध्ये पाठवा’

सरकारी पत्रांतसुद्धा हे वाक्य सापडतं. युनिकोड हा फाँट नव्हे. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा देणारी ती यादी आहे. त्या यादीत क चा आकडा २३२५, म चा २३५०, ळ चा २३५५. हे आकडे इतर कुणाच्याही वाट्याला येत नाहीत. ‘ई’च्या आड म लपवण्याची गरजच संपते. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. देवनागरीची त्यातली मांडणी बेतली गेली ती इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून. म्हणजे हे काही बाहेरून लादलेलं प्रकरण नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक म्हणून ठरवलं.

आता या आकड्यांना रूप द्यायला फाँट लागतोच, आणि असे फाँट ढिगाने आहेत. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतले शिक्षक. सरकारी पत्रांचा मजकूर रोज ज्या वळणात आपण वाचतो त्यामागे एका मराठी कवीचा हात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘मुक्ता’ हा मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला फाँट फुकट मिळतो, आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ही. ‘मंगल’मधला मजकूर ‘मुक्ता’मध्ये न्या किंवा ‘टिरो’मध्ये, शब्द बिघडत नाही, फक्त वळण बदलतं.

‘युनिकोडमध्ये आपला ल आणि श येत नाही, हिंदीचा येतो’ ही तक्रारही याच गोंधळातली. मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात हे खरं आहे, आणि मराठी डोळ्याला ते खटकतं हेही खरं. मलाही खटकतं. पण ल चा आकडा दोन्ही भाषांना एकच आहे; वळण ठरवतो तो फाँट. मराठी वळणाचा फाँट निवडला की पाकळीदार ल आणि देठाचा श जसाच्या तसा उमटतो. अहवाल, पत्रिका, स्मरणिका छापून घेणाऱ्याने हे दुकानात आग्रहाने सांगावं. तो आपला हक्क आहे.

‘मोबाइलचं मराठी वेगळं, कम्प्युटरचं वेगळं’

लग्नसराईत हे रोज घडतं. मुलाचे काका पत्रिकेचा सगळा मजकूर मोबाइलवर नीट टाइप करतात, मामांची नावं, आजोळ, गावं, सगळं तपासून व्हॉट्सॲपवर दुकानात पाठवतात. दुकानात तो मजकूर कोरल ड्रॉमध्ये चिकटवला आणि त्याला नेहमीचा जुना फाँट लावला की चौकोन उमटतात. ऑपरेटर म्हणतो, “काका, मोबाइलचं मराठी इकडं चालत नाही, पुन्हा टाइप करायला लागतंय.” आणि मग पुन्हा टाइप करताना ‘चौगुले’चं ‘चौगले’ होतं, आजोळच्या गावाची वेलांटी बदलते, आणि छापून आलेल्या पाचशे पत्रिकांवर पेनाने दुरुस्ती करत घर बसतं.

मोबाइलवरचं मराठी हे युनिकोड असतं. आज शाळकरी मूलसुद्धा नाव माहीत नसताना रोज युनिकोडच लिहितं. अडतं ते जुन्या फाँटपाशी, कम्प्युटरपाशी नाही. २०१२ च्या सुमारास आलेल्या कोरल ड्रॉ आणि इनडिझाइनच्या आवृत्त्यांपासून ही सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांचं युनिकोड समजू लागली आहेत. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. ते पाहून ‘युनिकोड बेकार आहे’ असं ठरवून टाकणारे पुष्कळ आहेत. पेजमेकरला मात्र ते जमत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे, आणि तरीही शहरात असे कोपरे आहेत जिथे केवळ जुन्या फाइली उघडण्यासाठी एक जुना एक्सपीवाला कम्प्युटर जपून ठेवलेला असतो. त्याची हार्डडिस्क ज्या दिवशी बसेल, किंवा त्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक ज्या दिवशी हरवेल, त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या फाइलींची किल्ली गेली.

‘युनिकोड म्हणजे टायपिंग पहिल्यापासून शिकायचं’

हा धसका खरा आहे, कारण हात बसलेला असतो. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिलेल्या माणसाला बोटं बदला म्हणणं सोपं नाही. पण कळफलक आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचा जुना कळफलक निवडून थेट युनिकोड उमटवता येतं. बोटं तीच, आत जाणारा आकडा वेगळा.

ज्याला नव्याने शिकायचं आहे त्याने मात्र १९८६ मध्ये सरकारने ठरवलेला इनस्क्रिप्ट शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, शिफ्ट दाबून ख. शिवाय मांडणी सर्व भारतीय लिप्यांना एकच, त्यामुळे निपाणी-बेळगावकडे ज्याला कन्नडही टाइप करावं लागतं त्याला दोन कळफलक शिकावे लागत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करणारा फोनेटिक कळफलकही विंडोज १० मध्ये २०१९ पासून येतो. अधूनमधून लिहिणाऱ्याला तो पुरतो. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबायचा, एवढंच.

एक सवय मात्र बदलते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने: ‘कि’साठी आधी क, मग वेलांटी, ‘कर्म’साठी क, र, हलन्त, म. वेलांटी डावीकडे दाखवण्याचं काम कम्प्युटर करतो. इनस्क्रिप्टवर सुरुवातीचे काही दिवस हात अडखळतात, मग तेच सोपं वाटू लागतं.

‘छापून तर येतंय ना, मग काय बिघडलं?’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. कागदावर छापलेलं मराठी दोन्हीकडून सारखंच दिसतं, म्हणून फरक कळत नाही. फरक कळतो तो नंतर, काहीतरी शोधायला गेल्यावर.

सभासदांची यादी घ्या. कृतिदेवमध्ये भरलेली यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावायला सांगितली की एक्सेल इंग्रजी अक्षरांचा क्रम लावतं. क आतून ‘डी’, म ‘ई’, ह ‘जी’ आणि र ‘जे’. मग यादी येते ती कांबळे, मगदूम, हजारे, रणदिवे अशी, र च्या आधी ह. दोन-अडीच हजार सभासदांच्या यादीत दुबार नाव शोधणं मग डोळ्यांवर येऊन पडतं. युनिकोडमध्ये हजारे रणदिव्यांच्या मागे जातात. (पूर्ण निर्दोष तेही नाही, नुसत्या आकड्यांच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही.)

‘पीडीएफ करून ठेवलीय’ हे उत्तर हमखास मिळतं. जुन्या फाँटची पीडीएफ दिसायला सुरेख असते, कारण फाँट तिच्या पोटात असतो. तिच्यात ‘लाभांश’ शोधा, सापडणार नाही. परिच्छेद कॉपी करा, पुन्हा रोमन खिचडी. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात अनेक जुने मराठी प्रबंध याच अवस्थेत आहेत: कुणीतरी चार-पाच वर्षं खपून लिहिलेले, उघडता येतात, वाचता येतात, पण त्यांच्या पोटातला एक शब्दही शोधून सापडत नाही. स्कॅन करून केलेली पीडीएफ तर नुसता फोटो. आणि फ्लेक्सवाल्याकडे ‘कर्व्ह’ करून दिलेली फाइल म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा. छपाईसाठी ते योग्यच आहे, पण मूळ फाइल हाताशी न ठेवता फक्त कर्व्ह केलेली ठेवली तर पुढच्या वर्षी एक तारीख बदलायलाही सगळं नव्याने टाइप करावं लागतं.

आणि एक गोष्ट आपण बोलतच नाही. दृष्टिहीन माणूस कम्प्युटरवर वाचतो तो स्क्रीन रीडरच्या आवाजातून. एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठी युनिकोड ते बोलून दाखवतं. त्याच्यापुढे कृतिदेवमधला अहवाल ठेवला तर ते ‘मराठी’ न म्हणता ‘ई जे के बी एच’ म्हणतं. संस्थेच्या दृष्टिहीन सभासदाला आपल्याच संस्थेचा ताळेबंद स्वतः वाचता येत नाही, आणि अडथळा फक्त फाँट निवडण्याचा असतो. वाईच्या विश्वकोशाचे लेख आज खेड्यातल्या मुलालाही मोबाइलवर शोधता येतात, ते युनिकोडमध्ये आहेत म्हणून. भाषांतराची आणि बोलून लिहिण्याची साधनं मराठी शिकतात तीही अशाच मजकुरातून. जुन्या फाँटमध्ये अडकलेले अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, तालुक्यांचे इतिहास त्यांच्या दृष्टीने मराठीत लिहिलेच गेलेले नाहीत. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे गावागावातल्या संस्थांनी वर्षानुवर्षं मराठीत हिशेब आणि इतिवृत्तं छापली, तिथे ही फार मोठी ठेव बंद पेटीत पडून आहे.

‘युनिकोडने फाइल जड होते’ असंही ऐकू येतं. देवनागरीच्या एका आकड्याला नेहमीच्या साठवणीत तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक, एवढं खरं. पण हिशेब करून पाहा. तीनशे पानांचं पुस्तक, पानाला १,८०० अक्षरचिन्हं धरली तर सारा मजकूर सुमारे दीड एमबी. मोबाइलवरचा एक फोटो अनेकदा याहून जड असतो. फरक पडतो तो एसएमएसमध्ये: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. सभेची सूचना एसएमएसने पाठवणाऱ्या संस्थेने ती आटोपशीर लिहावी, म्हणजे एका सूचनेचे तीन संदेश होत नाहीत.

‘मग सगळं पुन्हा टाइप करायचं का?’

नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं कधीपासूनच आहेत, त्यातली बरीच फुकट. मजकूर कोणत्या फाँटचा हे नेमकं सांगावं लागतं. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेवचं साधन लावलं तर निराळीच खिचडी तयार होते. बदल झाल्यावर एकदा नजर घालणं अटळ आहे. चुका ठरावीक जागी होतात: रफार एक घर पुढे-मागे सरकतो, ‘ऱ्या’ तुटतो, क्वचित एखादं जोडाक्षर सुटतं, आकडे आणि विरामचिन्हं बदलतात. ताळेबंदाचे आकडे तर मूळ छापील प्रतीशी ताडूनच घ्यावेत. सुरुवात पोटनियम, सभासद यादी आणि शेवटचा अहवाल या तीन गोष्टींपासून केली तर पहिल्याच वर्षी फायदा दिसतो. दुकानात काम देतानाही छपाईच्या पीडीएफबरोबर युनिकोडमधला साधा मजकूर वेगळा मागून घ्यावा. पैसे आपण त्या मजकुराचेही दिलेले असतात.

‘युनिकोड केलं की शोध अचूक’

इथे उलट्या बाजूचा गैरसमज आहे, आणि तो नव्याने युनिकोडकडे वळलेल्यांचा. कम्प्युटर आकडे जुळवतो, अर्थ नाही. ‘दुःख’मधला विसर्ग बरेच जण विरामचिन्हांतला कोलन देऊन लिहितात. डोळ्याला तेच, आकडा वेगळा, शोध चुकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजूनही लिहितात. ‘बॅंक’ आणि ‘बँक’ तसंच. ‘दऱ्या’मधला र दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. संस्थेने यांतली एक रीत ठरवून तीच पाळली तर पुढची डोकेदुखी वाचते.

याचा सर्वांत जास्त मनस्ताप होतो सातबारा शोधताना. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, पण उतारा शोधायला बसलेला माणूस पहिल्याच पायरीवर थबकतो: तालुक्यांच्या यादीत ‘कोल्हापूर’ नाहीच. शहराचा तालुका करवीर आहे, जिल्ह्याचं नाव कोल्हापूर. पुढे आडनाव टाकलं की ‘नोंद सापडली नाही’ येतं आणि पोटात गोळा येतो. जमीन कुठे जात नाही. नोंदीत ‘पाटिल’ असेल आणि आपण ‘पाटील’ टाकलं असेल, ‘चव्हाण’चं ‘चव्हान’ झालं असेल, आजोबांचं नाव ‘रामचंद्र’ऐवजी ‘रामचंद’ चढलं असेल. कम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं वाटतात. अशा वेळी आडनाव सोडून पहिल्या नावाने शोधावं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहावं, आणि जुन्या उताऱ्यावरून गट क्रमांक माहीत असेल तर नावाने न शोधता सरळ त्या क्रमांकाने उतारा काढावा. नाव चुकीचं चढलेलं दिसलं तर तो उतारा घेऊन तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा, म्हणजे घरातला पुढचा माणूस तिथेच अडकणार नाही.